प्रदेशाचे नाव, प्रदेशाची चव : इटलीच्या लाल वाइन

(अंबड येथे तालुक्यातील शिक्षक, ग्रामपंचायतींचे सदस्य आणि शासकीय अधिकारी यांच्यापुढे माहिती खात्यातील एका अधिकाऱ्याने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बाहेरच्या फळ्यावर आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून काहीजण एकमेकांकडे पाहून हसले, ते मी पाहिले. त्यांचे हसणे रास्तच होते. मत्स्योदरी देवीच्या पायथ्याशी वसलेल्या या गावात, मोसंबीच्या बागाईतदारांपुढे, सरकारी माणसाने इटलीच्या लाल वाइनविषयी बोलावे, हा प्रकार थोडा विचित्रच आहे. तेव्हा एक गोष्ट आरंभीच स्पष्ट करतो. आपल्या संविधानाच्या अनुच्छेद 47 मध्ये मादक पेयांच्या बंदीसाठी राज्याने प्रयत्न करावा, असे म्हटले आहे. आणि ज्या गावांतील महिलांनी आडव्या बाटलीला मत देऊन दारूचे दुकान बंद पाडले, त्या गावांविषयी माझ्या मनात आदरच आहे. कोणी प्यावे, असे सांगण्यासाठी मी आलेलो नाही.

मी आलो आहे तो एका नावासाठी. 2016 साली 'जालना मोसंबी' या नावाला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे या जिल्ह्याचे नाव आता कायद्याने एका फळाला जोडले गेले आहे. आता या नावाचे करायचे काय? ज्यांनी असे नाव शंभर-दोनशे वर्षे सांभाळले, मध्येच गमावले आणि पुन्हा मिळवले, अशा लोकांकडे पाहिल्यावाचून याचे उत्तर सापडणार नाही, असे मला वाटते. असे लोक इटलीच्या डोंगरउतारांवर आहेत आणि त्यांचा माल आहे लाल वाइन. त्याला माझा इलाज नाही!

इटलीच्या वाइनचे नाव आपल्या मुलखाला अगदीच नवे नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने 'पेरिप्लस' नावाची समुद्रप्रवासाची टिपणवही लिहिली. भडोचच्या बंदरात कोणता माल उतरतो, याची यादी तीत आहे. आणि त्या यादीत वाइनचा उल्लेख करताना इटलीच्या वाइनला अधिक मागणी असल्याचे तो सांगतो. त्याच वहीत भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपले तेर, यांची नोंद आहे. नेवाशाच्या उत्खननात भूमध्यसागराकडील बनावटीच्या उभट कुंभांची खापरे मिळाली. पैठण व नेवासे ही आपल्या शेजारचीच गावे. महाविद्यालयात इतिहास शिकताना हे वाचले, तेव्हा मला नवल वाटले ते एवढ्याचेच की, दोन हजार वर्षांपूर्वीही गिऱ्हाईक नुसती 'वाइन' मागत नव्हते, 'कुठली?' असेही विचारत होते.

रंग, तुरटपणा आणि आंबटपणा

लाल वाइनचा लाल रंग येतो कोठून? काळ्या द्राक्षाचा रसही बहुधा पांढुरकाच असतो. रंग असतो सालीत. म्हणून लाल वाइन करताना द्राक्षे चिरडून रस, साल आणि बी एकत्रच आंबू देतात. साखरेचा मद्यार्क होत असताना सालीतील रंग उतरतो आणि साल व बी यांतील तुरट द्रव्यही उतरते. जांभूळ खाल्ल्यावर जीभ आवळल्यासारखी होते किंवा हिरडा चघळल्यावर तोंड कोरडे पडते, तोच हा तुरटपणा. शास्त्रज्ञ त्याला टॅनिन म्हणतात. इटलीच्या लाल वाइनची ओळख पुष्कळशी या तुरटपणात आणि जोडीच्या आंबटपणात आहे. नुसती घोट घोट पिण्यासाठी ती केलेली नसते, जेवणासाठी केलेली असते. चिंच-कोकमावाचून आपली आमटी जशी सपक, तसे त्या आंबट-तुरट घोटाशिवाय तेथील तेलातुपाचे, मांसाचे जेवण त्यांना सपक लागते.

इटलीत वीस प्रांत आहेत आणि विसांतही द्राक्षाची लागवड आहे. प्रत्येक खोऱ्याची आपापली जात आणि आपापली रीत. सगळ्यांची नावे घेत बसलो तर संध्याकाळ होईल. मी चार-पाच ठिकाणांपुरतेच बोलेन.

वायव्येस, आल्प्सच्या पायथ्याशी पिएमोंते हा प्रांत आहे. तेथील लांगे नावाच्या टेकड्यांवर नेब्बिओलो जातीचे द्राक्ष होते. हे द्राक्ष फार उशिरा, ऑक्टोबरात पिकते. त्या वेळी दऱ्यांत धुके असते. धुक्याला इटालियनमध्ये 'नेब्बिया' म्हणतात आणि त्यावरूनच जातीचे नाव पडले, असे सांगतात. या एकाच जातीपासून बारोलो ही वाइन होते. तिचा रंग आपण समजतो तसा गर्द नसतो, फिका आणि पुढे विटकरीकडे झुकणारा असतो. पण तुरटपणा इतका जबर की कोवळी बारोलो म्हणजे कच्चे जांभूळच. वासात गुलाब आणि डांबर या दोहोंची आठवण येते, असे जाणकार म्हणतात. नियमाप्रमाणे ती किमान 38 महिने मुरवावी लागते, त्यांतील 18 लाकडी पिंपांत. शेजारच्या बार्बारेस्कोला द्राक्ष तेच, पण मुदत 26 महिन्यांची आणि स्वभाव थोडा मवाळ.

शिक्षकांनी भूगोलाच्या तासाला सांगावी अशी एक गोष्ट येथे आहे. बारोलोचे क्षेत्र अवघ्या अकरा गावांचे. तरीही त्यांतल्या ला मोर्रा गावाची वाइन लवकर मऊ होते आणि समोरच्या सेर्रालुंगाची वर्षानुवर्षे ताठ राहते. जात एक, हवा जवळजवळ एक, फरक जमिनीचा. दोन्हीकडे चुनखडीमिश्रित चिकणमाती; पण सेर्रालुंगाकडील थर अधिक जुने आणि कठीण. आपल्या तालुक्यात गोदावरीकाठच्या शहागडची खोल काळी जमीन आणि इकडची मुरमाड टेकाडे यांत मोसंबीचे झाड सारखे वागत नाही, हे आपण माझ्याहून चांगले जाणता. भारी जमिनीत पाणी साचले की डिंक्या धरतो, हे पुस्तकात वाचण्याआधी मी येथल्याच शेतकऱ्यांकडून ऐकले.

नेब्बिओलो ही सणावाराची वाइन. त्याच प्रांतात बार्बेरा नावाचे दुसरे द्राक्ष आहे. तुरटपणा कमी, आंबटपणा भरपूर. ती रोजच्या जेवणातील. तिच्याकडे आपण पुढे पुन्हा वळू, कारण तिच्या नावाने एक वाईट प्रकरण घडले.

बारोलोवरून घराघरांत भांडणेही झाली. जुन्या रीतीत साली महिना-दीड महिना रसात ठेवीत आणि वाइन मोठमोठ्या जुन्या पिंपांत वर्षानुवर्षे ठेवीत. तरुणांना हे पसंत नव्हते. साली थोडे दिवस ठेवाव्यात आणि फ्रान्समधील नव्या ओकची छोटी पिंपे वापरावीत, म्हणजे वाइन लवकर मऊ होईल, असे त्यांचे म्हणणे. 1983 साली एलिओ आल्तारे नावाच्या तरुण शेतकऱ्याने वडिलांची जुनी पिंपे यांत्रिक करवतीने कापून टाकली. वडिलांनी त्याला वारशातून वगळले. पुढे दोन्ही पक्षांनी एकमेकांचे थोडेथोडे घेतले, आणि आज चांगली बारोलो दोन्ही रीतींनी होते. नव्या पिढीने ठिबक आणले किंवा जुनी बाग तोडली म्हणून जेथे बाप-लेकांत अबोला झाला, अशी घरे आपल्याकडेही मी पाहिली आहेत. करवतीपर्यंत मजल गेली नाही, एवढेच.

क्यांतीची कहाणी

आता तोस्काना. फ्लॉरेन्स आणि सिएना या दोन शहरांमधल्या डोंगराळ भागाला क्यांती म्हणतात. तेथील द्राक्ष सांज्योवेझे. मध्यम रंग, आंबट चेरीसारखा स्वाद (चेरी आपल्याकडची नव्हे, तेव्हा करवंद डोळ्यांपुढे आणावे), आणि शेवटी थोडा तुरट कोरडेपणा. 1716 मध्ये तोस्कानाचा अधिपती तिसरा कोसिमो याने फर्मान काढून क्यांतीसह चार भागांच्या सीमा ठरवून दिल्या. या सीमेबाहेरच्या वाइनला हे नाव लावायचे नाही, असा हुकूम केला. प्रदेशाच्या नावाला कायद्याने कुंपण घालण्याच्या जगातील सर्वांत जुन्या उदाहरणांपैकी हे एक.

1872 मध्ये बेत्तिनो रिकासोली या जमीनदाराने, जो इटलीचा पंतप्रधानही होऊन गेला होता, आपल्या प्रयोगांचा निष्कर्ष एका पत्रात लिहिला. मुख्य द्राक्ष सांज्योवेझे. त्याचा कडकपणा कमी करण्यासाठी थोडे कानायोलो. आणि जी वाइन ताजीच प्यायची, तिच्यापुरते थोडे माल्व्हाझिया हे पांढरे द्राक्ष. मुरवायच्या वाइनमध्ये पांढरे द्राक्ष नको, हे त्याने बजावले होते. ही शेवटची अट लोक सोयीस्करपणे विसरले. पांढरी द्राक्षे मुबलक येत, स्वस्त पडत. बोरूच्या वेष्टणातील फुगीर बाटली जगभर गेली. पण आतली वाइन दर पिढीत पातळ होत गेली.

मग आणखी एक गोष्ट घडली. नावाला भाव आला, तसे आजूबाजूच्या सर्वांना ते नाव हवे झाले. 1932 मध्ये सरकारने क्यांतीचे क्षेत्र मूळ टेकड्यांच्या कितीतरी बाहेर वाढवले. मूळच्या गावांतील 33 उत्पादकांनी त्याआधीच, 1924 मध्ये, राद्दा या गावी संघ स्थापून काळ्या कोंबड्याची खूण धारण केली होती. सीमा वाढल्यावर त्यांना आपल्याच नावामागे 'क्लास्सिको' हा शब्द जोडून आपण मूळचे आहोत, हे सांगण्याची वेळ आली. घरच्या धन्याने दारावर 'खरा मालक' अशी पाटी लावावी, तसा हा प्रकार.

1963 मध्ये इटलीने राष्ट्रीय कायदा केला. कोणत्या प्रदेशात, कोणत्या जातीचे, एकरी किती पीक घेऊन, किती दिवस मुरवून वाइन करायची, हे प्रत्येक नावासाठी ठरवून द्यायचे, अशी ती व्यवस्था. कायदा चांगला होता. परंतु 1967 मध्ये क्यांतीचे नियम लिहिताना दहा ते तीस टक्के पांढरी द्राक्षे त्यात सक्तीचीच करण्यात आली! चालत आलेली खोड नियम म्हणून छापली गेली. शासकीय नोकरीत दोन दशके काढलेल्या माणसाला याचे फारसे आश्चर्य वाटत नाही.

याविरुद्ध बंड केले ते चांगल्या उत्पादकांनीच. आंतिनोरी या जुन्या घराण्याने 1971 च्या पिकापासून 'तिन्यानेल्लो' नावाची वाइन काढली. पुढे तिच्यातून पांढरी द्राक्षे वगळली आणि फ्रेंच जातीचे काबर्ने सोव्हिन्यों थोडे मिसळले. नियमात न बसल्यामुळे बाटलीवर क्यांती हे नाव लावता येईना. कायद्याच्या दृष्टीने ती सर्वांत खालच्या वर्गातील साधी 'जेवणाची वाइन', आणि किंमत मात्र बहुतेक क्यांतींच्या वर. अखेर नियमांनाच मागे यावे लागले. 1984 मध्ये ते कडक झाले, 1996 मध्ये क्लास्सिकोला स्वतंत्र दर्जा मिळाला, आणि 2006 पासून क्यांती क्लास्सिकोत पांढरे द्राक्ष घालण्यास पूर्ण मनाई आहे. रिकासोलीच्या त्या एका वाक्याकडे परत यायला सव्वाशेहून अधिक वर्षे लागली.

त्याच तोस्कानात मोंताल्चिनो नावाचे टेकडीवरील गाव आहे. तेथील ब्रुनेल्लो केवळ सांज्योवेझेची असते, दुसरे काही नाही; आणि पीक घरात आल्यापासून पाचवे वर्ष उजाडेपर्यंत ती विकता येत नाही. क्यांतीपेक्षा ही वाइन भरीव, दमदार आणि दीर्घायुषी. 2008 मध्ये काही उत्पादक तीत दुसरी द्राक्षे मिसळतात, असा आरोप होऊन चौकशी सुरू झाली. मग मिसळण्याची मुभाच द्यावी, अशी सूचना पुढे आली. गावच्या उत्पादकांनी सभा घेऊन मतदान केले आणि प्रचंड बहुमताने ती फेटाळली. आपल्या ग्रामसभेत एखाद्या ठरावावर चर्चा चालते, तेव्हा मला हे मोंताल्चिनोचे मतदान आठवते. जाता जाता एक सावधगिरीची सूचना : तोस्कानातील मोंतेपुल्च्यानो हे गाव आहे आणि आब्रुत्सो प्रांतातील मोंतेपुल्च्यानो हे द्राक्ष आहे. दोहोंचा संबंध नाही. पहिल्याची वाइन सांज्योवेझेची, दुसरी गर्द, मऊ आणि स्वस्त.

व्हेरोना शहराजवळच्या टेकड्यांतील आमारोनेविषयी सांगितले तर तासगावकडील लोक लगेच ओळखतील. कोर्विना जातीचे घड काढून हवेशीर माळ्यांवर तीन-चार महिने सुकवतात. वजन तिसऱ्या हिश्शाने किंवा त्याहूनही अधिक घटते, साखर दाट होते आणि मग ती आंबवतात. आपला बेदाणा शेडमध्ये दोन-तीन आठवड्यांत तयार होतो, कारण हवा कोरडी आणि उन्हाळा पाठीशी. तेथे हिवाळ्याच्या गारव्यात काम सावकाश चालते. साखर शेवटपर्यंत आंबून संपत असल्याने वाइन कोरडी, किंचित कडू आणि 15–16 टक्के मद्यार्काची होते. 'आमारो' म्हणजे कडू. पूर्वी तेथे गोड वाइनच मानाची होती. ही कडू वाइन तिची धाकटी बहीण.

दक्षिणेचा माल, उत्तरेचे नाव

दक्षिण इटलीची कथा मराठवाड्याने कान देऊन ऐकावी अशी आहे. तेथे ऊन भरपूर. पुलियाचे प्रिमितिव्हो आणि सिसिलीचे नेरो दाव्होला ही द्राक्षे काळीभोर आणि साखरेने भरलेली. अनेक दशके तेथील वाइन टाक्यांत भरून उत्तरेस जाई आणि उत्तरेच्या पातळ वाइनला रंग व जोर देण्यासाठी तिच्यात मिसळली जाई. बाटलीवर नाव दुसऱ्याचे. बाझिलिकाता प्रांतात व्हुल्तुरे या विझलेल्या ज्वालामुखीच्या राखेवर आल्यानिको नावाचे द्राक्ष होते. तुरटपणात आणि आयुष्यात ते बारोलोच्या बरोबरीचे मानतात, पण बाहेर ते फार उशिरा माहीत झाले. सिसिलीतील एटना तर आजही धुमसतो; त्याच्या उतारावर नेरेल्लो मास्कालेझेची फिकी, नाजूक वाइन होते. आपली दख्खनची काळी माती म्हणजेही लाव्हाच, अर्थात साडेसहा कोटी वर्षे जुना.

आता बार्बेराच्या त्या प्रकरणाकडे येतो. 1986 च्या मार्चमध्ये पिएमोंतेतील स्वस्त वाइनमध्ये मद्यार्काचे प्रमाण वाढवण्यासाठी मिथाइल अल्कोहोल मिसळल्याचे उघड झाले. वीसहून अधिक माणसे मेली, कित्येक आंधळी झाली. मिथाइल अल्कोहोल काय करते, हे महाराष्ट्राला सांगावे लागत नाही. 2015 मध्ये मालवणीत शंभरावर माणसे याच विषाने गेली. इटलीच्या वाइनची निर्यात कोसळली. मिसळणारे मूठभर होते, पण किंमत बारोलोच्या प्रामाणिक शेतकऱ्यानेही मोजली, कारण गिऱ्हाइकाला बाटलीवर 'इटली' एवढेच दिसत होते. त्यानंतर तपासणी कडक झाली आणि पुष्कळ उत्पादक थोडे पण चांगले करण्याकडे वळले. आज ज्या वाइनचे जग कौतुक करते, तिच्यापैकी बरीच या धक्क्यानंतरची आहे.

अकलूजचे सांज्योवेझे

क्यांतीचे द्राक्ष पाहण्यासाठी मात्र इटलीस जाण्याची गरज नाही. सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ ते लावले गेले आहे. इटलीतील सेच्ची, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील अशा तीन घरांतील भावांनी मिळून 2007 मध्ये 'फ्रातेल्ली' ही कंपनी काढली. 'फ्रातेल्ली' म्हणजे भाऊ. तोस्कानाचे पिएरो मासी हे जाणते वाइनकार तेथे आले आणि ऊसपट्ट्यात सांज्योवेझेच्या रांगा उभ्या राहिल्या. सांज्योवेझे आणि काबर्ने सोव्हिन्यों मिळून केलेली 'सेत्ते' ही त्यांची नावाजलेली लाल वाइन.

पण वेल तोच असला तरी त्याचे वर्ष बदलते. तोस्कानात वेल हिवाळ्यात झोपतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात पीक देतो. आपल्याकडे त्याला झोपच नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळ्यानंतर गोडी छाटणी करून आपण त्याला ऋतू शिकवतो, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडणी होते. तेथे द्राक्ष थंडीकडे जात पिकते, येथे उन्हाकडे जात. साखर लवकर चढते, आंबटपणा लवकर उतरतो. तोडणीचा दिवस चुकला तर वाइन बोथट होते. तेव्हा अकलूजच्या वाइनने क्यांती होण्याचा प्रयत्न करण्यात अर्थ नाही आणि कायद्यानेही तिला ते नाव घेता येत नाही. तिला अकलूजचीच चव सापडायला हवी. अवघ्या दीड-दोन दशकांत ती पूर्ण सापडावी, अशी अपेक्षा धरणे अन्यायाचे होईल.

मोसंबीचेही असेच आहे. तिचे नाव मोझांबिकवरून आले, असे म्हणतात. परदेशाचे नाव घेऊन आलेले फळ आज जालन्याच्या नावाने ओळखले जाते, ते जंबेरी आणि रंगपूर लिंबाच्या खुंटावर डोळे बांधणाऱ्या आणि 2012-13 च्या दुष्काळात विकतच्या टँकरने झाडे जगवणाऱ्या माणसांमुळे. कित्येकांना तेव्हा बाग तोडून सरपण करावे लागले, हेही आपण विसरलेलो नाही. आजही येथला माल ट्रकांत भरून उत्तरेकडच्या बाजारांत जातो. तेथल्या गिऱ्हाइकाला पाटीतील मोसंबी जालन्याची आहे हे कळते का, हा प्रश्न मला पुलियाच्या टाक्यांची आठवण करून देतो. कच्ची फळे तोडून, पावडर लावून पिवळी करून तोच माल या नावाने गेला, तर क्यांतीतील पांढऱ्या द्राक्षाची आठवण होईल.

भौगोलिक मानांकनाचा कायदा 1999 चा. त्यात नाव नोंदवले म्हणजे काम संपले, असा समज आहे. तो चुकीचा आहे. नोंद दहा वर्षांची असते आणि तिचे नूतनीकरण करावे लागते. शिवाय ते नाव वापरण्यासाठी प्रत्येक उत्पादकाने 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात आपली नोंद करावी लागते. या अर्जाचे शुल्क पूर्वी 500 रुपये होते. 2020 मध्ये ते 10 रुपयांवर आणले गेले. म्हणजे अडचण आता पैशाची उरलेली नाही.

माझ्या शेजारच्या टेबलावर त्या अर्जाचे कोरे नमुने ठेवले आहेत. अर्ज भरताना सातबारा आणि बागेची माहिती जवळ लागते. ज्यांना लिहिण्याची अडचण असेल त्यांना येथे बसलेले शिक्षक मदत करतील, असे त्यांनी सभेपूर्वी मला सांगितले आहे. आता चहा येत आहे. चहातही टॅनिन असते, तेव्हा तुरटपणाविषयी ज्यांना शंका असेल त्यांनी पहिला घोट दुधाशिवाय घेऊन पाहावा, आणि मग प्रश्न विचारावेत.